एकाच माणसाला दोन बाप निघाले तर? वंशावळीतला वाद सोडवायची पद्धत

वंशावळ करायला घेतली की कधी ना कधी अशी जागा येतेच जिथे एकाच माणसाला दोन बाप निघतात. एका ट्रीमध्ये एक नाव, दुसऱ्यात भलतंच, तिसऱ्याने दोन्ही टाकून पुढे प्रश्नचिन्ह ठेवलेलं, आणि मग नातेवाइकांच्या ग्रुपवर जुंपते. बहुतेक जण अशा वेळी ज्याचं ट्री मोठं किंवा जो जास्त ठासून बोलतो त्याचं घेतात आणि पुढे सरकतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. यातले निम्म्याहून जास्त वाद "बाप कोण" याचे नसतातच, दोन वेगळी माणसं एका नावाखाली गोळा झालेली असतात किंवा एकाच माणसाचे दोन झालेले असतात. त्यामुळे आधी माणूस पक्का करायचा, नातं त्यानंतर. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलंय.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"आमचं मूळ घराणं कुठलं" हा प्रश्नच नाही, त्याला उत्तर मिळत नाही. प्रश्न असा हवा: अमुक गावात अमुक साली वारलेला, अमुक बाईचा नवरा, सुतारकाम करणारा जो विल्यम, त्याचा बाप कोण? नाव सोडून बाकीच्या खुणा एवढ्या हव्यात की दुसरा कुठलाही विल्यम त्यात बसू नये.

त्याखाली उमेदवारांची नावं लिहा, आणि शेवटचा उमेदवार म्हणून "यांपैकी कोणीच नाही" हेही लिहा. लोक हे विसरतात, मग दोन चुकीच्या नावांत वर्षानुवर्षं भांडत बसतात. कारण तिसरा माणूस कुठल्याच ट्रीमध्ये नाही.

अजून एक, वादाच्या पिढीवर थेट उडी मारू नका. आपल्यापासून एकेक पिढी मागे जात प्रत्येक जोड तपासा. वाद सहाव्या पिढीचा चालू असतो आणि तुटलेली कडी चौथ्या पिढीत असते, म्हणजे तो विल्यम मुळात तुमचा पूर्वजच नसतो, असंही होतं.

२. प्रत्येक दावा आला कुठून ते शोधा

ऑनलाइन चाळीस ट्रीमध्ये एकच बाप दिसतोय म्हणून तो खरा, असं नाही. पाचामुखी परमेश्वर हे इथे चालत नाही, कारण ती पाच मुखं एकाच तोंडाचं ऐकून बोलत असतात. सगळ्यात जुनं ट्री कुठलं ते बघा, त्यात सोर्स काय दिलाय ते बघा, तो सोर्स म्हणजे एखादं छापील कुलवृत्त असेल तर त्याच्या लेखकाने काय बघून लिहिलं तेही शोधा. बऱ्याचदा हा माग एखाद्या पुस्तकातल्या "असे समजते" या दोन शब्दांवर येऊन संपतो.

आणि छापील म्हणजे पवित्र नव्हे. गुस्ताव आंजू नावाचा माणूस (१८६३ ते १९४२) अमेरिकेतल्या पैसेवाल्या घराण्यांना ऑर्डरप्रमाणे वंशावळी बनवून द्यायचा, त्यात खऱ्या कागदांच्या मधोमध बनावट मृत्युपत्रं आणि बनावट नोंदी पेरलेल्या असायच्या. मोठमोठ्या घराण्यांशी जोडलेले असे बादरायण संबंध आजही ऑनलाइन ट्रीमध्ये आरामात फिरतायत.

असा माग काढत कागद हाती लागला की त्याला दोन वेगळे प्रश्न विचारायचे. कागद मूळ आहे की नक्कल? आणि त्यातली माहिती देणारा त्या घटनेच्या वेळी हजर होता का? हे दोन प्रश्न एकात मिसळू नका. मृत्यूचा दाखला घ्या. कागद मूळ, सरकारी, शिक्का वगैरे सगळं आहे. मरणाची तारीख जावयाने दुसऱ्याच दिवशी सांगितली, ती भक्कम. पण मयताच्या आईबापांची नावंही त्याच जावयाने सांगितली, आणि ती माणसं तो या घरात यायच्या आधीच गेलेली. म्हणजे एकाच कागदावर एक ओळ पक्की आणि तिच्या खालची ओळ ऐकीव. "दाखल्यात लिहिलंय" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच, माहिती दिली कोणी? बऱ्याच दाखल्यांवर माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहिलेलं असतं, लोक तो रकाना वाचतच नाहीत.

३. इंडेक्सवर विसंबू नका, फोटो उघडा आणि त्या काळचे नियम लावून वाचा

इंडेक्स म्हणजे जुन्या नोंदी वाचून कोणीतरी केलेली नावांची यादी, तिच्यात बनवणाऱ्याने काय वाचलं ते असतं, कागदावर काय आहे ते नाही. मूळ पानाचा फोटो उघडा, आधीचं आणि नंतरचं पानही बघा. पण फोटो वाचला तरी नोंद कुठल्या नियमाने लिहिली जायची ते माहीत नसेल तर घोळ होतोच.

उदाहरण देतो. इंग्लंडमधल्या एका चर्चच्या रजिस्टरात समजा लग्न मे १७२० चं आहे आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० चा. आता ट्री करणारा म्हणणार की मूल लग्नाआधीचं आहे, म्हणजे बाप दुसराच कोणीतरी, किंवा नवऱ्याची ही दुसरी बायको असणार आणि मूल पहिलीचं. झाला वाद सुरू. प्रत्यक्षात १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे मे १७२० नंतर जो फेब्रुवारी आला तो रजिस्टरात १७२० चाच लिहिला गेला, आपल्या हिशोबाने तो फेब्रुवारी १७२१. म्हणजे लग्नानंतर बरोबर नऊ महिन्यांनी मूल, भानगड काहीच नाही. असे कितीतरी "कलंक" फक्त कॅलेंडरने तयार केलेत.

जनगणनेचंही तसंच. ब्रिटनच्या १८४१ च्या जनगणनेत पंधराच्या वरच्या लोकांचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायची सूचना होती, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. त्यावरून जन्मसाल काढून "हा तो नव्हेच" म्हणणारे बरेच आहेत. अमेरिकेत १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला लागले खरं, पण घरप्रमुखाशी नातं काय हा रकाना १८८० मध्ये आला. म्हणजे १८५०, ६०, ७० च्या यादीत नवरा-बायकोच्या खाली पाच मुलं दिसली तर ती त्यांचीच हे आपण ठरवलेलं असतं, कागदाने सांगितलेलं नसतं. त्यात पुतण्या असू शकतो, बायकोचा पहिल्या लग्नाचा मुलगा असू शकतो, कामाला ठेवलेलं पोरगंही असू शकतं.

जुन्या इंग्रजी कागदांत नावापुढे सिनिअर-ज्युनिअर असेल तर तेही बाप-लेकच असतील असं धरू नका, एकाच गावातल्या एकाच नावाच्या मोठ्या आणि लहान माणसाला तसं म्हणायचे, कधी काका-पुतणे, कधी काहीच नातं नाही. आणि म्हातारा वारला की कालचा ज्युनिअर आज सिनिअर.

४. माणसं वेगळी काढा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

आधी बघा की माणसं एकत्र झाल्याची लक्षणं आहेत का. चार महिन्यांच्या अंतराने दोन मुलं, ती पण दोन गावांत. आई पंचावन्न वर्षांची असताना जन्मलेलं बाळ. एकाच नावाची दोन मुलं, दोन्ही जिवंत (पहिलं गेल्यावर तेच नाव पुन्हा ठेवायचे, ते वेगळं). एकाच दिवशी दोन ठिकाणी हजर. मेल्यानंतर जमीन विकणारा. यातलं एक जरी दिसलं तरी थांबा आणि ट्री बंद करून कोरी एक्सेल शीट उघडा.

शीटमध्ये प्रत्येक नोंदीला एक ओळ. माणसाचं नाव आपल्या मनाने लावायचं नाही, कागदावर जसं लिहिलंय तसं, स्पेलिंगसकट. रकाने साधारण असे: तारीख, जागा, पेशा, बायकोचं नाव, सही केली की खूण केली, साक्षीदार, शेजारी, जमिनीची ओळख. ट्रीमध्ये जोडलेल्या नोंदीच नाही तर त्या भागातल्या त्या नावाच्या सगळ्या नोंदी घ्यायच्या, "हा आपला नाही" असं वाटणाऱ्या पण, कारण आपला कोण हेच तर ठरवायचंय.

मग ओळी गटांत लावायला लागा. नाव आणि वय यांवरून नाही, ते दोघांचं सारखं असू शकतं, बायकोचं नाव मेरी हे पण दोघांचं सारखं निघतं, त्यात नवल नाही. सगळ्यात कामाची गोष्ट जमीन. जमीन कोणाकडून आली आणि कोणाकडे गेली याची साखळी लावा. समजा एका विल्यमने १७८८ मध्ये ओढ्याकाठचे शंभर एकर घेतले. ते शंभर एकर विकले कोणी? १८०५ मध्ये विल्यम आणि त्याची बायको मेरी यांनी विकले असतील तर मेरी या विल्यमची. आणि १८१२ मध्ये दुसऱ्याच एका तुकड्याचा सौदा दुसऱ्या एका विल्यमची विधवा आणि "मयताचे वारस" मिळून करत असतील, आणि खाली सात नावांच्या सह्या असतील, तर तुम्हाला लॉटरी लागली समजा. त्या दुसऱ्या विल्यमच्या मुलांची यादी, जावयांसकट, एका कागदावर मिळाली. आता तुमचा पूर्वज त्या सातांत आहे की नाही ते बघा. नसेल तर सरळ "हा बाप नाही" म्हणायचं नाही, त्याला त्याचा वाटा आधीच दिलेला असू शकतो. पण तो जर त्याच वर्षी दोन मैलांवर पहिल्या विल्यमच्या शंभर एकरांच्या हद्दीला लागून राहत असेल तर पारडं कुठे झुकतंय ते दिसायला लागतं.

सही आणि खूण हीसुद्धा चांगली गोष्ट आहे. एक सही करतो, दुसरा फुली मारतो. फक्त मरणाच्या दारात असलेला शिकलेला माणूसही फुली मारतो हे लक्षात ठेवा, मृत्युपत्रावरच्या फुलीला फार वजन देऊ नका.

साक्षीदार आणि शेजाऱ्यांचा रकाना पहिल्यांदा रिकामटेकडा वाटतो आणि शेवटी तोच वाद सोडवतो. अमेरिकन संशोधक एलिझाबेथ शोन मिल्स यांनी याला फॅन (FAN) क्लब असं नाव दिलंय, म्हणजे फ्रेंड्स, असोसिएट्स, नेबर्स, मित्र, सोबती आणि शेजारी. जामीन कोण राहिलं, मुलांचा पालक म्हणून कोर्टाने कोणाला नेमलं, दुसऱ्या भागात गेले तेव्हा कोणत्या घरांबरोबर गेले. ज्या विल्यमच्या कागदांवर तुमच्या पूर्वजाच्या सासऱ्याचं नाव साक्षीदार म्हणून वारंवार येतंय त्याच्याकडे जास्त लक्ष द्या.

मृत्युपत्राबद्दल दोन गोष्टी, कारण यावरून नेहमी भांडणं होतात. मृत्युपत्रातली "माझी बायको" ही सगळ्या मुलांची आई असेलच असं नाही. आणि थोरल्या मुलाचं नाव नाही म्हणून तो मुलगा नव्हता असंही नाही, जुन्या इंग्लिश कायद्यात जमीन वारसाहक्काने थोरल्याकडेच जायची, त्यामुळे बाप मृत्युपत्रात उरलेल्यांची सोय करून मोकळा व्हायचा.

५. "नोंद सापडली नाही" हा पुरावा कधी धरायचा

रजिस्टर पूर्ण शाबूत असेल, त्या वर्षांची पानं सलग असतील आणि तुम्ही ती एकेक करून बघितली असतील, तेव्हाच. आयर्लंडच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसमधले बहुतेक कागद १९२२ मध्ये आगीत गेले, अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचा बहुतेक भाग १९२१ च्या आगीत खराब होऊन कायमचा गेला. अशा ठिकाणी नोंद न सापडण्याला काही अर्थ नाही. शीटमध्ये काय शोधलं, कुठली वर्षं, कुठली पानं गायब, हे लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तेच रजिस्टर पुन्हा चाळत बसाल.

६. डीएनए: कुठल्या प्रश्नाला कुठली टेस्ट

लोकांना वाटतं थुंकी पाठवली की वाद मिटला. डीएनए उत्तर देतो, पण विचारलेल्या प्रश्नाचंच, आणि प्रश्न बरोबर विचारणं हे कागदांशिवाय जमत नाही.

वाय टेस्ट (बापाकडून मुलाला मिळणाऱ्या वाय क्रोमोसोमची) फक्त बाप-मुलगा-नातू अशा सरळ पुरुष रेषेची. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून येतो, पुढे फक्त मुलींमार्फत जातो, म्हणून ती टेस्ट स्त्री रेषेची. ऑटोसोमल सगळ्या बाजूंची, पण एखाद्या पूर्वजाकडून आलेला वाटा प्रत्येक पिढीला साधारण निम्मा होत जातो. म्हणून घरातल्या सगळ्यात जुन्या पिढीची टेस्ट आधी करा, आजी आहे तर नातवाची करून काय उपयोग.

वाय टेस्ट काय सांगते आणि काय सांगत नाही याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन आणि त्यांच्याकडे गुलाम असलेली सॅली हेमिंग्ज. तिच्या मुलांचा बाप कोण हा वाद जवळपास दोनशे वर्षं चालला. जेफरसनच्या नातवंडांचं म्हणणं होतं की बाप म्हणजे जेफरसनच्या बहिणीची मुलं, कार बंधू. जेफरसनची स्वतःची वैध पुरुष रेषा पुढे चाललेली नव्हती, म्हणून त्याचा काका फील्ड जेफरसन याच्या पुरुष वंशजांचे नमुने घेतले, आणि १९९८ मध्ये निकाल आला. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन, त्याच्या वंशजाचा वाय जेफरसन घराण्याशी जुळला, कार घराण्याशी नाही जुळला. भाचे बाहेर पडले. पण वायने घराणं सांगितलं, माणूस नाही सांगितला, कारण थॉमसचा भाऊ रँडॉल्फ आणि त्याची मुलं यांचाही वाय तोच. पुढचं काम कागदांनी केलं. सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या गर्भधारणेच्या काळात जेफरसन माँटिसेलो या आपल्या घरी होते हे त्यांच्याच नोंदींवरून दिसतं, आणि सॅलीचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये वर्तमानपत्रात स्पष्ट सांगितलं होतं की आपला बाप जेफरसन. हे सगळं एकत्र ठेवून जेफरसन फाउंडेशनने २००० साली निष्कर्ष काढला की जेफरसनच बाप असण्याची शक्यता खूप जास्त आहे. काही जण तो अजूनही मानत नाहीत.

यातली आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्याच अभ्यासात थॉमस वुडसन नावाच्या माणसाच्या वंशजांचेही नमुने होते, त्यांच्या घरातही पिढ्यान् पिढ्या हीच कथा, की आमचा मूळपुरुष जेफरसनचा मुलगा. त्यांचा वाय जुळला नाही. म्हणजे दोन घरांतल्या दोन सांगोवांगीच्या गोष्टी, एकीला आधार मिळाला, दुसरीला नाही. घरातली कथा फेकूनही द्यायची नाही आणि डोळे झाकून गिळायचीही नाही, तपासायची.

ऑटोसोमलमध्ये जुळणी सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात, म्हणजे दोघांत किती डीएनए सारखा आहे त्याचं माप. सख्खी भावंडं सरासरी २६०० च्या आसपास, सावत्र भावंडं १७५० च्या आसपास, पहिल्या पिढीतले चुलत-मावस-आते-मामे ८७० च्या आसपास, त्यांची मुलं एकमेकांना २३० च्या आसपास, आणि त्यांच्या मुलांची मुलं ७० च्या आसपास. ही सरासरी आहे, प्रत्यक्षात पट्टा बराच रुंद असतो आणि शेजारच्या नात्यांचे पट्टे एकमेकांवर चढतात. समजा वाद असा की दोन आजोबा सख्खे भाऊ की सावत्र. सख्खे असतील तर त्यांची नातवंडं आपसात सरासरी २३०, सावत्र असतील तर त्याच्या निम्मं. आता एका जोडीत १५० आले तर काय म्हणाल? काहीच नाही. दोन्ही बाजूंच्या चार-चार नातवंडांची टेस्ट करा, सोळा जोड्या मिळतील, मग कल दिसतो.

आणि "मॅच नाही म्हणजे नातं नाही" हे तर बोलूच नका. समान पूर्वज खापरपणजोबांचा बाप असेल, म्हणजे आपल्यामागच्या पाचव्या पिढीत, तर अशा दोन वंशजांपैकी साधारण निम्म्या जोड्यांत एकही मोजण्यासारखा तुकडा सापडत नाही. उलट बाजूनेही सावध राहा, मॅच आला म्हणजे तो वादातल्या उमेदवारामार्फतच आला असं नाही, दुसऱ्याच कुठल्या आजीकडून तुम्ही जोडलेले असाल. त्यासाठी मॅच झालेल्याचं ट्री सगळ्या बाजूंनी भरलेलं हवं. लहान समाजात पिढ्यान् पिढ्या आपसात लग्नं झालेली असतील तर आकडे फुगतात, तिथे एकूण बेरजेपेक्षा सगळ्यात लांब तुकडा किती आहे ते बघा. आणि दोन्ही उमेदवार सख्खे भाऊच असतील तर वाय तुमच्या काहीच कामाची नाही, पाच-सहा पिढ्या मागे ऑटोसोमलही नाही, पुन्हा पायरी चारवर जा.

कागदावर सगळं बरोबर आणि वाय मात्र जुळत नाही, असं झालं तर? इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला सापडला. बहिणीच्या स्त्री रेषेतल्या दोन वंशजांशी मायटोकाँड्रियल जुळला, पण पुरुष रेषेतले म्हणून जे आजचे वंशज तपासले त्यांच्याशी वाय जुळला नाही. म्हणजे मधल्या इतक्या पिढ्यांत कुठेतरी कागदावरचा बाप वेगळा आणि रक्ताचा वेगळा. युरोपातल्या अभ्यासांत असं प्रमाण दर पिढीला साधारण १ टक्का निघालंय, म्हणजे दहा पिढ्यांच्या रेषेत दहातली एक शक्यता. वाय जुळला नाही तर लगेच वादातल्या पिढीवर खापर फोडू नका. त्याच उमेदवाराच्या दुसऱ्या मुलाच्या रेषेतला एक पुरुष तपासा, रेष नक्की कुठल्या पिढीत तुटली ते असंच एकेक फांदी तपासून सापडतं.

७. टेस्ट मागण्याआधी बोला

हे लहान आहे पण सोडू नका. आत्याला वाढदिवसाला किट भेट देऊन नमुना काढून घेणं हा प्रकार मला अजिबात पटत नाही. काय शोधतोय, काय निघू शकतं (तिचा बाप वेगळा निघू शकतो, एखादं भावंड निघू शकतं), निकाल कोणाला दिसणार, हे आधी सांगा आणि तिला नाही म्हणू द्या. जिवंत माणसाबद्दल काही निघालं तर ते ग्रुपवर टाकायचं नाही, आधी त्या माणसाशी एकट्याने बोलायचं.

८. लिहून काढा, विरुद्ध पुराव्यासकट

अमेरिकेतल्या बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्सचं एक मोजमाप आहे, त्यात पाच गोष्टी मागतात: शोध पुरेसा सखोल, प्रत्येक विधानाला पूर्ण सोर्स, पुराव्यांची छाननी आणि एकमेकांशी ताळा, विरोधी पुराव्याचा निकाल, आणि तर्कशुद्ध लिहिलेला निष्कर्ष. चौथी गोष्ट लोक टाळतात. तुमच्या उमेदवाराच्या विरोधात जाणारा प्रत्येक कागद नाव घेऊन मांडा आणि तो का चुकतोय ते सांगा, "इंडेक्समधलं वय चुकीचं वाचलंय, फोटोत ४१ आहे, ४७ नाही" असं ठोस. नुसतं "ती चूक असावी" म्हटलं तर समोरचाही तुमच्या कागदाबद्दल तेच म्हणणार.

हा मजकूर समोरच्या पार्टीतल्या सगळ्यात हट्टी माणसाला वाचायला द्या. तो जी भोकं काढेल ती फुकटची तपासणी आहे. निष्कर्षाला पायरी द्या, सिद्ध, बहुधा, की नुसतं शक्य, आणि ट्रीमध्ये त्याप्रमाणेच दाखवा. "शक्य" असेल तर बापाचा रकाना रिकामा सोडा आणि सगळा युक्तिवाद नोटमध्ये टाका. नाकारलेल्या उमेदवाराच्या पानावरही नोट हवी, का नाकारला आणि कुठल्या कागदावरून, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी त्याला पुन्हा शोधून आणून तुमच्याच ट्रीला जोडायची सूचना पाठवेल. नवीन कागद आला तर नोटमध्ये तारीख घालून खाली भर टाका, जुना मजकूर पुसू नका.